न्यायमूर्तींचे दप्तर कोणाचे?

बेलापूरला सिडको भवनाच्या किंवा कोकण भवनाच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रकल्पग्रस्ताच्या हातात बहुधा एक पिशवी असते. तीत सातबाराचे जुने उतारे, आजोबांच्या नावाने आलेली नोटीस, वारस दाखला, निवाड्याची प्रत आणि घडीवर फाटत आलेली कोर्टाच्या हुकुमाची नक्कल असते. १९७० साली ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसविण्याचे सरकारने ठरविले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची तिसरी पिढी आज या पायऱ्या चढते आहे. टेबलापलीकडून तिला विचारला जाणारा पहिला प्रश्न कागदाचा असतो. कागद नसेल तर हक्क नाही, हा या राज्यव्यवस्थेचा सामान्य माणसासाठी केलेला नियम आहे.

हाच नियम न्यायासनाला लावला तर काय दिसते? ज्या न्यायाधीशांनी माणसांच्या स्वातंत्र्याचे, भाकरीचे आणि जमिनीचे निर्णय केले, त्यांची टिपणे, त्यांचा पत्रव्यवहार, त्यांच्या निकालांचे कच्चे मसुदे आज कोठे आहेत? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर असे की, निवृत्तीबरोबर ते घरी गेले आणि घराबरोबर संपले. एखाद्याचे दप्तर राहिलेच तर ते कायद्यामुळे राहिले नाही, घरच्यांच्या जाणिवेमुळे राहिले. हा भेद किरकोळ मानण्यासारखा नाही. लोकशाहीत सत्तेची तीन अंगे असतात असे पाठ्यपुस्तके सांगतात. त्यांपैकी एका अंगाच्या अंतरंगाचा इतिहास खाजगी मालमत्ता म्हणून सोडून दिला गेला आहे, हा येथे प्रश्न आहे.

तय्यबजींचे दप्तर

अपवाद काय शिकवितो ते आधी पाहू. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांची कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झालेली आहेत. १८४४ साली मुंबईत एका सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८६७ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची उभारणी केली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८९५ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९०२ मध्ये काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश होते आणि १९०६ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

एवढा तपशील कोणत्याही चरित्रकोशात मिळतो. दप्तरात त्याहून महत्त्वाचे काही मिळते. काँग्रेस ही मुसलमानांची संस्था नव्हे असे सर सय्यद अहमद खान सांगत होते, तेव्हा त्यांच्याशी तय्यबजींचा पत्रव्यवहार झाला. सामायिक राष्ट्रीय प्रश्नांसाठी सर्व धर्मीयांनी एकत्र आले पाहिजे, ही बाजू त्यांनी त्यात धरली. परंतु त्याच १८८८ सालच्या ऑक्टोबरात अ‍ॅलन ह्यूम यांना लिहिताना, मुसलमानांचा इतका विरोध असेल तर काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे तहकूब ठेवावीत, असेही त्यांनी सुचविले. अध्यक्षपदाला एक वर्षही झालेले नसताना लिहिलेले हे पत्र आहे. ते नसते तर तय्यबजींची एक गुळगुळीत प्रतिमा तेवढी उरली असती. ते आहे म्हणून एका प्रामाणिक राष्ट्रवाद्याची कोंडी, त्याच्या वर्गाच्या राजकारणाची मर्यादा आणि जातीय फुटीचे प्रारंभीचे दिवस यांचा अभ्यास करता येतो. जतन केलेल्या कागदांचा उपयोग माणसाला मोठे किंवा छोटे ठरविण्यासाठी नसतो. निर्णयामागे कोणते दाब होते, हे त्यांतून समजते.

दोन जामीन अर्ज

न्यायाधीशाच्या मनाचा असा अभ्यास का हवा, हे त्यांच्याच कारकीर्दीतील एका प्रसंगावरून समजेल. २७ जुलै १८९७ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स आणि न्या. महादेव गोविंद रानडे यांच्यापुढे जामिनाचा अर्ज झाला आणि तो नाकारला गेला. पुढे खटला सेशन्सकडे गेल्यावर तोच अर्ज न्या. तय्यबजींपुढे आला. सरकारने विरोध केला, तरीही ४ ऑगस्ट रोजी तय्यबजींनी टिळकांना जामीन दिला. आरोपी पळून जाण्याचा संभव नसताना त्याला खटल्यापूर्वीच तुरुंगात ठेवणे, आणि पुढे तो निर्दोष ठरला तर ती शिक्षा विनाकारण भोगावयास लावणे, हे त्यांना न्यायाचे वाटले नाही. सप्टेंबरात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. कौलही सहा विरुद्ध तीन असाच पडला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१८९७ च्या जामीन अर्जात टिळकांची बाजू मांडणारे वकील होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ साली, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा न्यायासनावर हेच दावर होते. बॅ. जिना यांनी जामिनाचा अर्ज केला, आणि ज्या युक्तिवादाने दावरांनी पूर्वी जामीन मिळविला होता तो त्यांच्यापुढे मांडला. दावरांनी जामीन नाकारला. २२ जुलै १९०८ रोजी सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या कौलावर टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या शिक्षेला उत्तर दिले ते मुंबईच्या गिरणी कामगारांनी. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवसांचा हरताळ त्यांनी पाळला, आणि लेनिनने त्याची नोंद घेतली. टिळकांना तुरुंगात धाडणाऱ्या दावरांना पुढे सर ही पदवी मिळाली.

एकाच न्यायालयात, एकाच कलमाखाली, एकाच आरोपीच्या बाबतीत सुधारक रानडे जामीन नाकारतात, तय्यबजी देतात, आणि पूर्वी तो मागणारा वकील न्यायाधीश झाल्यावर नाकारतो. निर्णय कायद्याच्या पुस्तकातून आपोआप बाहेर पडतात, ही समजूत येथे ढासळते. मग निर्णय कोठून येतात? भीतीतून, बढतीच्या आशेतून, वर्गाच्या संस्कारातून की विवेकातून? निकालपत्रात याचे उत्तर नसते. ते असले तर खाजगी टिपणात, मित्राला लिहिलेल्या पत्रात, खोडलेल्या मसुद्यात असते. म्हणून न्यायाधीशाच्या दप्तराला ऐतिहासिक कुतूहलापलीकडचे महत्त्व आहे.

दप्तर कोणाचे टिकते?

तय्यबजींचे कागद का टिकले, याचाही विचार वर्गीय दृष्टीने केला पाहिजे. ते विस्तीर्ण आणि सुशिक्षित घराणे होते. कुटुंबातील मंडळींनी अखबार नावाच्या वह्यांत घरच्या घडामोडी लिहून ठेवण्याची रीत त्या घरात होती. मुंबईत बंगला, अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठी निवास, कागदांना पेट्या आणि पेट्यांना कोरडी जागा होती. पुढे मुलाने वडिलांचे चरित्र लिहिले. या साऱ्याबद्दल त्या घराण्याचे ऋणच मानले पाहिजे. परंतु इतिहास ज्यांच्या घरी कोरडी जागा आहे त्यांचाच टिकावा, ही व्यवस्था समाजवाद्यांना मान्य होणे शक्य नाही.

किहीमपासून फार दूर नसलेल्या उरण-पनवेलच्या खाडीकाठी आगरी, कोळी, कराडी समाजांची घरे होती. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर ती चालत. तेथील कुळाचे कूळपण पुष्कळदा तोंडीच होते. पत्र्याच्या पेटीत ठेवलेला कागद खाऱ्या हवेने आणि पावसाळ्याने खाल्ला. सरकारी दप्तरात या माणसांचे अस्तित्व गट नंबर, क्षेत्र आणि भरपाईची रक्कम एवढेच राहिले. तय्यबजी न्यायासनावर बसण्याच्या आदल्या वर्षी, १८९४ साली, परकी सरकारने जमीन संपादनाचा कायदा केला होता. स्वतंत्र भारताने तो सहासष्ट वर्षांहून अधिक काळ वापरला, आणि नव्या मुंबईची जमीन त्याच कायद्याच्या बळावर घेतली गेली. १ जानेवारी २०१४ रोजी नवा कायदा अमलात आला, तेव्हा नव्या मुंबईचे बहुतेक नोड वसून झाले होते.

स्वातंत्र्यानंतरचे मौन

परकी अमदानीतील एका न्यायमूर्तीचे दप्तर अभिलेखागारात आहे. मग स्वातंत्र्यानंतर स्थिती सुधारली काय? २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार नाही, असा निकाल दिला. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी याच्या उलट भूमिका घेतली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढली. मधू लिमये, मृणाल गोरे यांच्यासह हजारो कार्यकर्ते त्या काळात तुरुंगात होते. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी भिन्न मत दिले. बहुमतातील चौघांत मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरविला, आणि तसे लिहिणाऱ्या न्यायाधीशांत त्यांचे पुत्रच होते. दुरुस्तीला एकेचाळीस वर्षे लागली. परंतु त्या एप्रिलात त्या चार न्यायाधीशांच्या मनात काय चालले होते, त्यांची आपसांत काय चर्चा झाली, याचा कोणताही अधिकृत, सर्वांना खुला असा संग्रह जनतेपाशी नाही.

त्या काळातील न्यायाधीशांच्या मनाविषयी आज जे कळते, त्याचा मोठा भाग एका अमेरिकन प्राध्यापकाच्या टिपणांतून कळतो. जॉर्ज गॅडबॉय यांनी १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाच्या साठाहून अधिक आजी-माजी न्यायाधीशांच्या मुलाखती घेऊन तपशीलवार टिपणे ठेवली. त्यांच्या आधारे अभिनव चंद्रचूड यांनी लिहिलेले पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा नेमणुका कशा होत आणि न्यायाधीशांचे परस्परांशी कसे संबंध होते, याची वाचकांना कल्पना आली. भारताच्या न्यायसंस्थेचा अंतरंग इतिहास परदेशी अभ्यासकाने चिकाटीने टिपून ठेवावा आणि भारतीय राज्याने त्याची काहीच तजवीज करू नये, ही अभिमानाची गोष्ट खचित नव्हे.

अमेरिकेतही न्यायाधीशांचे कागद त्यांची खाजगी मालमत्ता मानले जातात, हे खरे. परंतु तेथे ते सार्वजनिक ग्रंथालयाला देण्याची प्रथा रुजली आहे. थर्गुड मार्शल यांचे दप्तर १९९३ साली त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच काँग्रेसच्या ग्रंथालयात खुले झाले. हॅरी ब्लॅकमन यांचे मृत्यूनंतर पाच वर्षांनी, २००४ साली, खुले झाले. तेथील न्यायसंस्था त्यामुळे कोसळली नाही. आपल्याकडे उलट दिशा दिसते. उच्च न्यायालयांना जुने कागद नष्ट करण्याचे नियम करण्याचा अधिकार १९१७ च्या कायद्याने दिला. कागद जपण्याची सक्ती करणारे सार्वजनिक अभिलेखांचे कायदे केंद्रात १९९३ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली, म्हणजे पाऊण शतकानंतर आले. आणि न्यायाधीशांनी सुनावणीत घेतलेली टिपणे ही सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यातील अभिलेख मानता येणार नाहीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले.

कागद नसण्याची किंमत

कोणी म्हणेल, हा विद्वानांचा प्रश्न आहे, गरिबाला त्याचे काय? नव्या मुंबईतच त्याचे उत्तर आहे. १८९४ च्या कायद्यात भरपाई अपुरी वाटल्यास न्यायालयाकडे दाद मागण्याची तरतूद होती. पण निवाडा जाहीर होताना हजर असलेल्या शेतकऱ्याला त्यासाठी सहा आठवडे मिळत. ज्याच्यापाशी वकील होता तो न्यायालयात गेला. ज्याच्यापाशी नव्हता त्याने मिळेल ती रक्कम घेतली.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जो लढा झाला, त्यात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून पुढे आले. त्याच वर्षी संसदेने १८९४ च्या कायद्यात २८-अ हे कलम घातले. शेजाऱ्याच्या दाव्यात न्यायालयाने वाढीव भरपाई दिली, तर त्याच अधिसूचनेखाली जमीन गेलेल्या, पण न्यायालयात न गेलेल्या शेतकऱ्यालाही ती मागता येईल, असे ते कलम म्हणे. गरिबाच्या बाजूने केलेली ही उत्तम तरतूद होती. मात्र मुदत होती न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिने. अलिबागच्या किंवा ठाण्याच्या न्यायालयात शेजाऱ्याच्या दाव्यात काय निकाल लागला, हे उरणच्या अडाणी विधवेला तीन महिन्यांत कसे कळावे? निकाल गावात लावण्याची, त्याच गटांच्या सर्व खातेदारांना पाठविण्याची सक्ती त्या कलमात नव्हती. न्यायालयाचा कागद लोकांपर्यंत पोहोचणे हा येथे हक्काचाच भाग होता, आणि तो पोहोचला नाही तेथे हक्क मुदतबाह्य झाला.

न्यायमूर्तीचे खाजगी टिपण आणि विधवेला न मिळालेली नक्कल यांचे नाते येथे आहे. न्यायालय बोलेल आणि जनता ऐकेल, न्यायालयाने काय ठेवावे व काय जाळावे हे न्यायालयच ठरवील, ही एकच वृत्ती दोन्हींच्या मुळाशी आहे. वरच्या टोकाला तीमुळे न्यायाधीशाचे अंतरंग झाकले जाते. खालच्या टोकाला शेतकऱ्याची भरपाई बुडते.

दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप येतील. पहिला, न्यायाधीशाची टिपणे उघड झाली तर तो मोकळेपणाने लिहिणार नाही आणि त्याचे स्वातंत्र्य धोक्यात येईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सरकारच्या दडपणाला तोंड देणाऱ्या न्यायाधीशाला एकांत हवाच. परंतु एकांत आणि कायमचा अंधार यांत फरक आहे. निवृत्तीनंतर तीस वर्षे दप्तर बंद ठेवा, पक्षकारांची, विशेषतः स्त्रियांची व मुलांची, ओळख झाका, चालू दाव्यांना हात लावू नका. एवढी काळजी घेतल्यावर स्वातंत्र्याला कोणता धोका उरतो? उलट, आपले कागद एक दिवस लोक वाचणार आहेत ही जाणीव सत्तेपुढे वाकू पाहणाऱ्याला थोडा आधारच देईल.

दुसरा आक्षेप मालमत्तेचा. कागद न्यायाधीशाचे, म्हणून त्याच्या वारसांचे. घरगुती पत्रांच्या बाबतीत हे मान्य करावे आणि ती देणगी म्हणूनच मागावीत. परंतु सरकारी वेळात, सरकारी कागदावर, सरकारी लघुलेखकाकडून लिहविलेला निकालाचा मसुदा खाजगी कसा? तलाठ्याने आपल्या कारकीर्दीतील फेरफारांची वही निवृत्तीच्या दिवशी घरी नेली तर त्याच्यावर फौजदारी होईल. न्यायासनाच्या प्रतिष्ठेने हा साधा न्याय बदलू नये.

कार्यकर्त्यांचे काम

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. महाराष्ट्राच्या अभिलेख कायद्यात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची न्यायालयीन टिपणे आणि चौकशी आयोगांची संपूर्ण दप्तरे यांचा नि:संदिग्ध समावेश व्हावा, आणि ती ठराविक मुदतीनंतर सर्वांना खुली व्हावीत. जमीन संपादनाच्या दाव्यांचे कागद कोणत्याही नियमाखाली नष्ट करू नयेत. आणि बेलापूरला, जेथे प्रकल्पग्रस्त रोज खेटे घालतो तेथेच, या ९५ गावांच्या संपादनाचे सार्वजनिक अभिलेखागार असावे. त्यात निवाडे असावेत, न्यायालयांचे हुकूम असावेत, १९८४ च्या गोळीबाराचे कागद असावेत, आणि शेतकऱ्यांच्या पिशव्यांतील कागदांच्या प्रतीही त्याच मानाने ठेवल्या जाव्यात.

सरकार हे आपण होऊन करणार नाही. तोपर्यंत कार्यकर्त्यांना गावागावांत काम करता येईल. जासई, पागोटे, नवघर येथील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. पत्र्याच्या पेट्यांतील नोटिसा आणि निवाडे यांच्या प्रती काढून, गट नंबरांची यादी करून, मूळ कागद ज्याचे त्याला परत द्यावेत. जुन्या वकिलांच्या कचेऱ्यांत पडून असलेली संपादनाच्या दाव्यांची दप्तरे रद्दीत जाण्यापूर्वी, पक्षकारांच्या संमतीने, मिळवावीत. हे काम मोर्चाइतके दिसणारे नाही. पण पुढचा मोर्चा कोणत्या कागदावर उभा राहील, हे याच कामावर ठरणार आहे.

तय्यबजींची पत्रे शतकाहून अधिक काळ टिकली म्हणून त्यांच्या धैर्याची आणि त्यांच्या शंकेची, दोहोंची तपासणी आज करता येते. ज्यांनी नव्या मुंबईच्या शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत ठरविली त्यांची तपासणी त्या शेतकऱ्याच्या नातवाला करता आली पाहिजे. त्याच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीचा कागद मागणाऱ्या राज्याने आधी स्वतःचे दप्तर उघडावे.